पितळेचा कलश गळ्याशी तडकतोय? अ‍ॅनीलिंग (तापवून नरम करणं) कुठे चुकतं ते असं शोधा

स्पिनिंगच्या लेथवर, म्हणजे फिरती चकती हत्याराने दाबत फर्म्यावर चढवताना, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच कड फाटते. कलशाचं तोंड आवळताना गळ्याशी केसाएवढी उभी चीर दिसते. एकाच नगाची एक बाजू मऊ लागते आणि दुसरी हत्याराला मागे ढकलते. काही वेळा तडा नसतो, पण ताणलेला भाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो आणि बफवर कितीही धरला तरी चकाकी येत नाही. तापवलेला नग साफ करायला अ‍ॅसिडमध्ये बुडवून काढल्यावर पितळेवर गुलाबी डाग दिसतात, हे आणखी एक.

सगळ्यात जास्त मनस्ताप देणारं लक्षण वेगळंच आहे. एप्रिल-मे महिन्यात घडवलेला, पॉलिश करून कागदात गुंडाळून ठेवलेला माल गणपतीच्या आधी उघडावा, तर कलशांच्या गळ्यापासून खाली सरळ तडे गेलेले. कुणी पाडला नाही, कुणी ठोकला नाही. पावसाळाभर माळ्यावर नुसता पडून होता.

मुंबईत कुर्ल्याचा गाळा असो की भांडुपचा, अशा वेळी पहिलं वाक्य ठरलेलं: "पत्रा खराब आला." कधीकधी तो खराब असतोही. पण या तक्रारीचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा पत्रा निर्दोष निघतो आणि दोष तापवण्यात सापडतो. म्हणून गुलालवाडीतल्या पत्र्याच्या व्यापाऱ्याशी भांडायला जाण्याआधी खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. सुरुवातीच्या फुकट आहेत, पुढच्या महाग होत जातात.

तडा कधी पडला?

याला काहीच खर्च नाही आणि अर्धं निदान इथेच होतं. काम चालू असताना पडलेला तडा आणि काम संपल्यावर आपोआप पडलेला तडा हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात पत्रा कामाने कडक झालेला असतो आणि त्याला वेळेवर किंवा पुरेसं नरम केलेलं नसतं. दुसऱ्यात पत्रा घडवताना काही बिघडत नाही, पण घडवल्यानंतर आत राहिलेला ताण कुणी सोडवलेला नसतो. पहिल्याचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. त्यामुळे कारागिराला विचारताना "किती फुटले?" एवढंच विचारू नका, "कधी फुटले?" हेही विचारा.

कड बघा

चकती कातरीने किंवा प्रेसवर कापली की कडेला बर, म्हणजे धारदार खरखर, राहते. बोट फिरवलं की समजतं. प्रत्येक बर म्हणजे तड्याची तयार सुरुवात असते, कारण ताण सगळीकडे सारखा वाटला न जाता त्या खाचेत येऊन साठतो. शिवाय कापताना कडेची पट्टी चेपली जाऊन आधीच कडक झालेली असते. कानस मारा, वर एमरी पेपर फिरवा. एवढ्यानेच फाटणं थांबलं, तर पुढे वाचायची गरज नाही.

पितळ कुठलं आहे?

घडाईच्या कामासाठी तांबं ७० आणि जस्त ३० टक्के हे पितळ सगळ्यात ताणलं जाणारं. ६३-३७ स्वस्त पडतं आणि साध्या आकारांना चालतं. ६०-४० गरम असताना छान घडतं, पण थंड ताणायला गेलात की त्रास देतं, कारण त्याच्या रचनेत एक कडक घटकही असतो. आणि टर्निंगसाठी मिळणारा पितळी रॉड वेगळाच. लेथवर सहज कापला जावा म्हणून त्यात शिसं घातलेलं असतं. त्याला थंड वाकवून किंवा ताणून घडवायचा हट्ट धरू नये.

ओळखायची सोपी रीत म्हणजे ड्रिल मारून चुरा पाहणं. शिसंवाल्या पितळेचा चुरा तुटक, बारीक पडतो. ७०-३०ची लांब वेटोळी निघतात. व्यापाऱ्याकडून टेस्ट सर्टिफिकेट मिळत असेल तर त्यात तांबं ६८.५ ते ७१.५ टक्क्यांच्या दरम्यान आणि शिसं अगदी नगण्य आहे ना, हे बघा. भंगार वितळवून ओतलेल्या पत्र्यात शिसं, लोखंड, बिस्मथ यांचे अंश येतात. बिस्मथ थोडं जरी असलं तरी पितळ ठिसूळ होतं आणि कितीही तापवून ते सुधारत नाही.

पट्टी वाकवून बघा

ही माझी आवडती तपासणी आहे आणि गाळ्यांत ती फारशी कुणी करत नाही. त्याच पत्र्याच्या कातरणीतून बोटाएवढ्या रुंदीच्या दोन पट्ट्या कापा, कडा घासून घ्या. एक पट्टी तुमचा माणूस रोज जशी तापवतो तशीच तापवून घ्या. दुसरी खात्रीच्या तापमानाला, म्हणजे ५५० अंश सेल्सियसच्या आसपास (कसं ते पुढे आहे). दोन्ही थंड झाल्यावर वाकवून पार स्वतःवर दुमडा आणि हातोडीने चपट्या करा. बाहेरची बाजू भिंगाखाली बघा.

नीट नरम झालेलं ७०-३० पितळ चीर न पडता दुमडतं. रोजची पट्टी तडकली आणि खात्रीची टिकली, तर दोष आचेत आहे. दोन्ही तडकल्या तर पत्र्यावर संशय घ्यायला जागा आहे. दोन्ही टिकल्या तर पत्राही बरा आणि आचही बरी; मग तुम्ही दोन तापवण्यांच्या मध्ये पत्र्याकडून झेपेल त्याहून जास्त काम करून घेताय. दुमडलेल्या जागी चीर नाही पण पृष्ठभाग खरखरीत झालाय, असं दिसलं तर आच जास्त झाली आहे.

आच

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेक गाळ्यांत गडबड होते ती इथेच.

थंड पितळ ठोकलं, दाबलं, ताणलं की आतल्या कणांची रचना विस्कटते आणि धातू कडक होत जातो. विकर्स या कडकपणाच्या मापात मोजलं तर नरम पितळ साधारण ६५ ते ८०, आणि पूर्ण कडक पत्रा १५०च्या पुढे. पुरेसं तापवलं की विस्कटलेल्या कणांच्या जागी नवे, ताणमुक्त कण जन्मतात. ७०-३०साठी हे काम ४२५ ते ७६० अंश सेल्सियस या पट्ट्यात होतं. पट्टा रुंद असला तरी त्याची दोन्ही टोकं सारखी नाहीत. खालच्या टोकाला वेळ जास्त लागतो पण कण बारीक राहतात. वरच्या टोकाला कण भराभर मोठे होतात, आणि मोठ्या कणांचा पत्रा ताणला की संत्र्याची साल दिसते. पॉलिश होणाऱ्या मालाला मी ५५०च्या वर नेत नाही, आणि शेवटच्या तापवणीला तर ५००च्या जवळच राहतो.

हे तापमान डोळ्यांनी ओळखायचं म्हणजे लालीवर जायचं, आणि लाली फसवते. अंधाऱ्या कोपऱ्यात पितळेवर जेमतेम लालसर झाक दिसू लागते तेव्हा ते साधारण ५५०ला पोहोचलेलं असतं. पण शटर उघडं, बाहेर दुपारचं ऊन, वर ट्यूबलाइट. अशा जागी ती झाक दिसतच नाही. माणूस लाली दिसेपर्यंत थांबतो आणि तोवर पितळ ७००च्या पुढे गेलेलं असतं. एकच माणूस, एकच गॅसगन, तरी सकाळच्या आणि संध्याकाळच्या मालात फरक पडतो तो यामुळे. तापवायची जागा गाळ्याच्या आतल्या, काळोख्या बाजूला घ्या आणि तिथला दिवा बंद ठेवा.

याहून पक्कं हवं असेल तर ठरावीक तापमानाला वितळणारा टेम्परेचर खडू घ्या. ज्योत लागते त्याच्या उलट बाजूला रेघ ओढा, कारण ज्योत थेट रेघेवर पडली तर धातू तापण्याआधीच ती वितळते. लेझरचा ठिपका दाखवणारी तापमानाची बंदूक मात्र चकचकीत पितळेवर वापरू नका. चकचकीत धातू उष्णता फारच कमी बाहेर टाकतो, त्यामुळे बंदूक खऱ्यापेक्षा खूप कमी आकडा दाखवते आणि माणूस आणखी आच लावत बसतो. के-टाइप थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीची) तार धातूला टेकवून घेतलेलं माप विश्वासाचं.

पांढरा धूर दिसला की आच लगेच काढा. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि त्याआधीही पृष्ठभागावरून निसटू लागतं. तो धूर जस्ताच्या ऑक्साइडचा असतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. बहुधा एखाद्या दिवसात उतरतं, पण श्वास लागत असेल तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नका. ७०-३० पितळ ९१५च्या आसपास वितळायला लागतं, म्हणजे धूर दिसला तेव्हा तुम्ही कड्याच्या टोकावर उभे असता.

ज्योत मऊ, पसरट हवी. ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीनची सुईसारखी ज्योत एक ठिपका जाळते आणि बोटभर अंतरावरचा भाग कच्चा ठेवते. एकाच नगात मऊ आणि कडक पट्टे सापडतात ते यातूनच. नग फिरत्या चाकावर ठेवा, जाड भागाला आधी आच द्या आणि छताचा पंखा तेवढ्यापुरता बंद करा. धूर ओढायला एक्झॉस्ट वेगळा असू द्या. खूप दाबलेला, ताण साठलेला नग एकदम जोराच्या ज्योतीत धरला तर तापतानाच तडकू शकतो, शिसंवालं पितळ तर हमखास. त्याला आधी हळूहळू २५०-३००पर्यंत न्या, मग आच वाढवा. लाल असताना चिमट्याने दाबून उचलू नका. त्या अवस्थेत पितळेत जीव नसतो.

पाण्यात बुडवायचं की हवेत थंड करायचं, यावरून गाळ्यागाळ्यांत वाद आहेत. ७०-३० पितळ पाण्यात बुडवल्याने कडकही होत नाही आणि जास्त मऊही होत नाही. पोलादाचा नियम इथे चालत नाही. पाण्याने वेळ वाचतो आणि काळी पापडी सुटते, एवढंच. शिसंवालं पितळ किंवा एका बाजूने जाड आणि एका बाजूने पातळ असलेला नग मात्र हवेतच थंड होऊ द्या.

दोन तापवण्यांच्या मध्ये किती काम?

कामगार "आणखी एक फेरी होऊन जाईल" म्हणतो तेव्हा बहुधा ती होत नाही. लेथवरचा आवाज चढा होतो, हत्यार उचललं की पत्रा मागे उसळतो. ही वेळ नग उतरवायची. प्रेसवर चकती साच्यात ओढताना पहिल्या ओढीला तिचा व्यास ४० ते ५० टक्क्यांनी कमी करता येतो, पण पुढच्या ओढींना २० ते ३० टक्क्यांवरच थांबावं लागतं. एकदा पडलेली चीर तापवून सांधली जात नाही, म्हणून भेग दिसल्यावर तापवण्यात अर्थ नाही.

उलट टोकाची चूक कमी लोकांना माहीत आहे. भीतीपोटी थोडंसं काम करून लगेच पुन्हा तापवणं हेही घातक. पत्रा पुरेसा विस्कटलेला असेल तर तापवताना नवे कण असंख्य ठिकाणी जन्मतात आणि एकमेकांना अडवून बारीक राहतात. जेमतेम दोन ते दहा टक्केच काम झालं असेल तर मोजकेच कण जन्मतात आणि मोकळी जागा मिळाल्यासारखे फुगतात. मग आच अगदी बरोबर ठेवूनही संत्र्याची साल येते आणि सगळे चक्रावतात. वाढलेले कण पुन्हा तापवून लहान होत नाहीत. त्यासाठी भरपूर थंड काम आणि त्यानंतर योग्य तापवणी लागते. तयार आकाराच्या नगावर ते शक्य नसतं. तो भंगारात घालावा.

गुलाबी डाग

थोडक्यात: डाग घासून निघत असेल तर अ‍ॅसिडमध्ये लोखंडी चिमटा गेला होता आणि द्रावणातलं तांबं पितळेवर चढलंय. प्लास्टिकचा किंवा तांब्याचा चिमटा वापरा. घासूनही डाग जात नसेल तर वरच्या थरातलं जस्त उडालंय, म्हणजे पुन्हा आचेकडे जा. पातळ करताना नेहमी अ‍ॅसिड पाण्यात ओता, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. आणि वापरलेलं द्रावण गटारात सोडू नका.

पावसाळ्यात आपोआप पडणारे तडे

या आजाराचा इतिहास आपल्याच देशातला आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात साठवणीत नुसती पडून असतानाच तडकत. ती घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस घडवताना पितळेत राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की तडा पडतो, हे १९२१मध्ये प्रयोगांनी स्पष्ट झालं. काडतूस ७०-३० पितळेचंच असतं आणि त्याचाही गळा आवळलेला असतो. म्हणूनच सैनिकी काडतुसांच्या गळ्याला मुद्दाम आच देतात. त्या आचेचा निळसर-तपकिरी पट्टा पॉलिश न करता तसाच ठेवलेला असतो, काम झाल्याची खूण म्हणून. बुडाला मात्र आच लागू देत नाहीत. दाब तिथे येतो, ते कडकच लागतं.

आपल्या कलशाचा गळा आणि तो गळा यांत फरक नाही. आता मुंबईत अमोनिया कुठून येतो ते बघा. माळ्याला लागून असलेलं सामायिक संडास, जवळपासचा तबेला, कोंबड्यांची खुराडी, बर्फाच्या कारखान्यातली गळती, काच पुसायची काही द्रावणं आणि पितळ चमकवायची काही पॉलिशंही. जुलैतल्या हवेत दमटपणा आयताच असतो. अमोनिया आणि हवा पूर्ण आटोक्यात आणणं आपल्या हाती नाही. ताण आपल्या हाती आहे.

ताण आहे की नाही हे बघायला एक रद्द नग बळी द्या. गळ्याचा नळीसारखा भाग कापून घ्या आणि त्याला हॅक्सॉने उभा छेद द्या. पातं आरपार जाताच फट जागच्या जागी उघडली, कडा एकमेकींपासून दूर सरकल्या, तर बाहेरच्या कातडीत ताण साठलेला आहे. फट पात्याच्या जाडीएवढीच राहिली तर काळजी कमी.

इलाज सोपा आहे: घडाई पूर्ण झाल्यावर, पॉलिशच्या आधी, नग २६० अंशांना सुमारे एक तास ठेवायचा. एवढ्या आचेत पितळ मऊ पडत नाही, पिचकत नाही, फक्त आतला ताण सैल होतो. हे गॅसगनचं काम नाही, भट्टीचं आहे. शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याची भट्टी स्वस्तात मिळते हे खरं, पण ती साधारण १८० ते २०० अंशांवर चालते; तेवढ्याने भागत नाही. ज्यांच्या भट्टीवर तापमानाचा कंट्रोलर आहे अशा हीट ट्रीटमेंटवाल्याकडे माल द्या. वाहतूक धरूनही हा खर्च परत आलेल्या मालापेक्षा कमी पडतो. नंतर कलश कोरड्या कागदात गुंडाळा, ओल्या गोणपाटात नको, आणि संडासाच्या भिंतीला टेकवून थप्पी लावू नका.

कुठे थांबायचं

गॅसचा रेग्युलेटर, सिलिंडरचा व्हॉल्व्ह, पंपाच्या स्टोव्हची टाकी, दाबाखाली काम करणारा कुठलाही पितळी भाग: याला आच लावू नका आणि तडा दिसला तर डाख देऊनही वापरू नका. भाग बदला, गॅसचा असेल तर वितरकाला बोलवा.

सगळीकडून बंद असलेली पोकळ वस्तू तापवायची नाही. आत हवा किंवा पाण्याचा थेंब असेल तर ती फुटते.

जुन्या भांड्याला डाख दिलेला असेल तर तो पूर्ण काढल्याशिवाय तापवू नका. डाखातलं शिसं-कथिल लाल तापलेल्या पितळेत शिरून त्याला खातं, आणि शिशाची वाफ तुमच्या छातीत जाते. घराण्यातली किंवा देवळातली जुनी मूर्ती, मठारकाम केलेलं जुनं घंगाळ, यांना हात लावण्याआधी जुन्या वस्तूंची डागडुजी जाणणाऱ्याला किंवा मुरलेल्या तांबटाला दाखवा. पितळ पुन्हा घडवता येईल, त्यावरचे हातोडीचे ठसे पुन्हा मिळणार नाहीत.

पोटमाळ्यावर, बंद गाळ्यात सिलिंडर ठेवून तापवायचं काम करत असाल तर ते आजच थांबवा.

आणि खात्रीच्या तापमानाला तापवलेली पट्टीही तडकत असेल, किंवा ताण सोडवलेला मालही पावसाळ्यात फुटत असेल, तर गाळ्यात आणखी प्रयोग करू नका. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या धातू-प्रयोगशाळेत तीन गोष्टी मागा: रासायनिक घटक, कणांचा आकार, आणि राहिलेल्या ताणाची चाचणी. ही शेवटची चाचणी पाऱ्याच्या क्षारात किंवा अमोनियात करतात. पारा विषारी आहे, ती घरी किंवा गाळ्यात करायची नाही. नमुना देताना फुटलेला नग, न फुटलेला नग आणि त्याच पत्र्याची कच्ची, कधीही न तापवलेली कातरण अशा तिन्ही वस्तू द्या, प्रत्येकीवर पत्र्याचा लॉट आणि तापवल्याची तारीख लिहून. फुटलेली कड घासू किंवा पॉलिश करू नका. तडा दोन कणांमधल्या सीमेवरून गेला की कण कापत गेला, हे त्या कडेवरूनच समजतं.